तंबोऱ्याची जवारी : दोरा लावण्याआधी, लावताना आणि लावल्यानंतर

घरी नवा तंबोरा येतो तेव्हा तो बहुधा मिरजेहून जवारी, म्हणजे तारांच्या स्वरातले गुंजन, लावूनच आलेला असतो. पहिले काही महिने तो सुरेख बोलतो आणि मग एखाद्या पावसाळ्यात त्याचा आवाज बसतो. खुंट्या पिळून, तारांत ओवलेले मणी सरकवून, तारांखालचे दोरे बदलूनही तो मोकळा होत नाही, तेव्हा घरची माणसे मोबाइलवरचा तंबोरा सुरू करतात आणि खरा तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा राहतो. नाशिकमध्ये असे उभे राहिलेले तंबोरे मी बरेच पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांना कारागिराची गरज नव्हती. शांतपणे आणि योग्य क्रमाने केलेल्या तासाभराच्या कामाने ते पुन्हा बोलू लागले असते. ते काम कसे करावे, हे या लेखात सांगायचे आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. जवारी ही, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला दिलेल्या आकारात असते. दोऱ्याचे काम त्या आकाराचा तारेशी योग्य जागी मेळ घालून देणे, एवढेच आहे. हे लक्षात ठेवले, तर दोऱ्याकडून काय मागावे आणि काय मागू नये हे आपोआप कळते.

घोडीवर नेमके काय घडते

व्हायोलिनच्या घोडीची वरची कड पातळ असते आणि तार तिच्यावर एकाच ठरलेल्या जागी टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा साधारण तीन सेंटीमीटर रुंद असतो. नजरेला तो सपाट वाटतो, पण मण्यांच्या बाजूकडून दांडीच्या बाजूकडे त्याला अतिशय हलका, गोलसर उतार दिलेला असतो. तार या उतारावरून निघत असल्यामुळे ती घोडीला नेमकी कुठे सोडते, ती जागा स्थिर राहत नाही. कंप पावताना तार खाली आली की ती उताराला थोडी अधिक टेकते आणि तिची कंपणारी लांबी किंचित कमी होते. वर गेली की ती थोडी मागूनच सुटते आणि लांबी किंचित वाढते. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेत हे सेकंदाला सुमारे ६९ वेळा घडते. दर वेळी होणाऱ्या या निसटत्या स्पर्शामुळे तारेच्या मूळ कंपनातली शक्ती वरच्या उपस्वरांकडे, म्हणजे मूळ स्वरासोबत उठणाऱ्या त्याच्या पटीतल्या स्वरांकडे, वळत राहते. साध्या घोडीवरून छेडलेल्या तारेचे वरचे उपस्वर पहिल्या काही क्षणांतच विरतात, तर जवारीच्या घोडीवर ते पुन्हा पुन्हा जागे होतात. म्हणून तार छेडल्यावर आवाज नुसता मंदावत जात नाही. त्यात एकामागून एक स्वर उमलत राहतात.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तंबोरा आणि वीणा यांच्या या गुणाकडे लक्ष वेधले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर त्या आवाजात असू नयेत, असा कंपनशास्त्राचा जुना नियम आहे. तंबोऱ्यात मात्र ते ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीवरचा निसटता स्पर्श हे आहे, असे त्यांनी दाखवले. हा प्रयोग कोणालाही घरी करता येतो. जवारी चांगली लागलेली असताना खर्जाची तार तिच्या लांबीच्या बरोबर मध्यावर छेडावी. साध्या तारेत अशा वेळी दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर मिळायला नकोत. तंबोऱ्यात वरचा षड्ज स्पष्ट ऐकू येतो. रेशमाचा किंवा लोकरीचा धागा तारेखाली सरकवून त्याची जागा अजमावून ठरवण्याची आपली रीतही त्या निबंधात नोंदलेली आहे, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हे काम जसे होत होते तसेच ते आजही होते.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण त्याच्या अभावी पुष्कळ लोक चुकीच्या जागी हात घालतात. युरोपात हर्डी-गर्डी नावाचे एक वाद्य आहे, ज्याच्या तारा राळ लावलेल्या लाकडी चाकाच्या घर्षणाने वाजतात. त्याच्या एका तारेखाली छोटी घोडी असते. तिचा एक पाय पक्का बसवलेला असतो आणि दुसरा मोकळा असतो. वादकाने मनगटाच्या झटक्याने चाकाची गती वाढवली की तो मोकळा पाय वाद्याच्या पोटावर भराभर आपटतो आणि लयीत गुणगुण उठते. त्या तारेला आणखी एक बारीक दोरी बाजूला ओढून धरते, आणि ती किती ताणली आहे यावर घोडीने किती सहज बोलावे हे ठरते. म्हणजे त्या वाद्यात घोडी स्वतः हलते, आणि तिने हलावे अशीच योजना असते. तंबोऱ्यात घोडीने मुळीच हलायचे नसते. तिचे दोन्ही पाय तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पक्के टेकलेले असावे लागतात आणि सारा खेळ तार व घोडीचा माथा यांच्यामध्ये चालतो. तंबोऱ्याची घोडी किंवा दुसरा कोणताही भाग थरथरून आवाज करत असेल, तर तो दोष आहे, आणि जवारी लावण्याआधी तो दूर करावा लागतो.

आधी खडखड शोधावी

जवारीचा आवाज आणि खडखडीचा आवाज यांत कानाने फरक करता येतो. जवारी तारेच्या स्वरात मिसळलेली असते, तिला सूर असतो, आणि स्वर जसजसा मंदावतो तसतशी तीही हळूहळू मावळते. खडखड स्वरापासून सुटी ऐकू येते आणि बहुधा तार जोरात छेडल्यावरच उठते.

खडखड कुठून येते ते पाहण्यासाठी तारा एकेक करून छेडाव्यात आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताचे बोट संशयित जागेवर हलके दाबून धरावे. सैल मणी, लंगोटाजवळ (भोपळ्याच्या टोकाशी तारा अडकवतात तिथे) तारेच्या गाठीचे बाहेर राहिलेले टोक, भोपळ्यावर चिकटवलेल्या नक्षीचा सुटलेला तुकडा, खुंट्यांजवळच्या आडेच्या खाचेत नीट न बसलेली तार, तबली आणि भोपळा यांच्या सांध्यातली बारीक फट या नेहमीच्या जागा आहेत. वाजवणाऱ्याच्या हातातली बांगडी आणि सदऱ्याचे बटणही तपासून पाहावे. घोडीच्या पायाखाली फट आहे का हे पाहण्यासाठी पातळ कागदाची कड पायाखाली सरकवून बघावी; कागद आत शिरला, तर पाय तबलीला पूर्ण टेकलेला नाही आणि हे काम कारागिराकडेच द्यावे लागेल.

तारांकडेही याच वेळी पाहावे. गंजलेल्या, पीळ पडलेल्या किंवा घोडीवरच्या जागी चेपलेल्या तारेवर जवारी कधीच नीट लागत नाही, कारण निसटत्या स्पर्शासाठी तारेची खालची बाजूही गुळगुळीत असावी लागते. खर्जाची पितळी तार काळपट झाली असेल, तर आधी ती कोरड्या सुती फडक्याने पुसून पाहावी. एवढ्याने आवाज न सुधारल्यास ती बदलावी. तारा बदलताना एका वेळी एकच तार काढावी. चारही तारा एकदम काढल्या, तर तबलीवरचा दाब एकदम जातो आणि काही तंबोऱ्यांमध्ये घोडी जागची सरकते. घोडीच्या पायांभोवती मऊ पेन्सिलीने अगदी पुसट खूण करून ठेवली, तर पुढे कधी शंका आल्यास ती उपयोगी पडते.

सुरात आणणे

दोऱ्याला हात लावण्याआधी तंबोरा सुरात असलाच पाहिजे, कारण तारेचा ताण बदलला की ती घोडीवर किती दाबाने बसते हे बदलते आणि मग दोऱ्याची जागाही बदलते. ताण अर्धवट असताना शोधलेली जागा पूर्ण ताणावर टिकत नाही.

जुने दोरे आधी काढून टाकावेत. मणी त्यांच्या फिरण्याच्या जागेच्या साधारण मध्यावर आणून ठेवावेत, म्हणजे पुढे स्वर चढवायला आणि उतरवायला दोन्हीकडे वाव राहतो. मग जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा षड्जात लावाव्यात, त्यानंतर खर्ज आणि शेवटी पंचम. खुंटीने स्वराच्या अगदी जवळ यावे आणि उरलेले काम मण्याने करावे. मणी लंगोटाकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटी फिरवताना ती थोडी आत दाबत फिरवावी. ती घसरत असेल, तर काढून तिच्यावर खडूची किंचित भुकटी लावावी.

मोबाइलवरच्या सूरमापकाचा उपयोग षड्जाची पट्टी ठरवण्यापुरता करावा. तंबोऱ्याचे उपस्वर इतके बळकट असतात की खर्जाची तार छेडली असताना यंत्र कित्येकदा वरचा षड्ज किंवा पंचमच दाखवते. जोडीच्या दोन तारा एकमेकींशी जुळवताना तर यंत्राकडे बघूच नये. दोन्ही तारा लागोपाठ छेडाव्यात आणि आवाजात येणारी आंदोलने ऐकावीत. ती हळूहळू संथ होत थांबली की तारा जुळल्या.

दोरा

शिवणकामाचा साधा पांढरा सुती दोरा या कामाला चालतो. काही गायक रेशमी धागा पसंत करतात. तो कमी चेपतो आणि अधिक दिवस टिकतो. जोडीच्या पोलादी तारांना बारीक दोरा लागतो, तर खर्जाच्या जाड तारेला थोडा जाड दोरा किंवा तोच दोरा दुहेरी करून घ्यावा लागतो. चमकदार नायलॉनचा दोरा मला या कामासाठी आवडत नाही, कारण तो दबत नाही, घसरतो आणि आवाजाला एक कोरडी किनार देतो. दोऱ्याचा वीतभर तुकडा घ्यावा म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला टोके उरतात.

आता खर्जाच्या तारेवर हे काम कसे चालते ते बारकाईने पाहू. तंबोरा मांडीवर आडवा घ्यावा किंवा सतरंजीवर ठेवावा, म्हणजे घोडीचा माथा समोर दिसतो. दोरा न लावता तार एकदा छेडून ऐकावी. बहुतेक तंबोऱ्यांमध्ये अशा वेळी आवाज दबलेला आणि तोकडा येतो. थोडा चरचरतो आणि लगेच संपतो, कारण तार माथ्याच्या मोठ्या भागावर पसरून बसलेली असते. मग तार एका बोटाने किंचित उचलावी, दोरा तिच्या खालून मण्यांच्या बाजूने घालावा आणि तार सोडावी. दोऱ्याची दोन्ही टोके दोन हातांच्या चिमटीत सारख्या ताणाने धरून तो घोडीच्या मागच्या कडेशी आणावा. इथे तो असून नसल्यासारखा असतो आणि आवाजात फारसा फरक पडत नाही.

यानंतर दोरा दांडीच्या दिशेने अगदी थोडा, नखाच्या जाडीएवढा, पुढे ओढावा, तार छेडावी आणि तो स्वर पूर्ण विरेपर्यंत ऐकावा. पुन्हा तेवढाच पुढे, पुन्हा छेडणे, पुन्हा ऐकणे. पूर्ण विरेपर्यंत ऐकणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे, आणि घाईत तेच सर्वाधिक मोडले जाते. जवारीची परीक्षा पहिल्या क्षणात होत नाही. काही जागी छेडल्याबरोबर मोठा झणत्कार उठतो आणि दोन सेकंदांत आवाज पोकळ होतो. काही जागी सुरुवात मवाळ असते, पण त्यानंतर स्वर फुलत जातो आणि शेवटपर्यंत त्यातले तेज टिकते. आपल्याला ही दुसरी जागा हवी आहे. दोरा पुढे येत जातो तसा आवाज एकेका पायरीने उघडतो, एका जागी तो सर्वांत भरदार होतो, आणि त्यापुढे दोरा नेला की तार उतारापासून पूर्ण उचलली जाते. तेव्हा गुंजन एकाएकी मिटते आणि साध्या तारेसारखा स्वच्छ पण निर्जीव स्वर उरतो. ही शेवटची सीमा एकदा मुद्दाम ओलांडून पाहावी. सीमा कळली की दोरा तिच्यापासून थोडा मागे घेत नेमकी जागा शोधणे सोपे जाते.

जागा सापडल्यावर दोऱ्याची टोके हळूच सोडावीत आणि पुन्हा ऐकावे, कारण टोकांवरचा ताण सुटताच दोरा थोडा फुगतो आणि आवाज बदलतो. तसा तो बदलला, तर दोरा केसभर मागे किंवा पुढे करावा. तो तारेला काटकोनातच असावा. तिरका दोरा तारेखाली एका कडेने जाड आणि दुसऱ्या कडेने बारीक बसतो आणि दोन दिवसांत जागा सोडतो. टोके लगेच कापू नयेत, पुढे त्यांचीच गरज लागते.

सगळीकडे सरकवूनही जवारी उघडलीच नाही, तर दोऱ्याची जाडी बदलून पाहावी. आवाज कुठेच मोकळा होत नसेल तर थोडा जाड दोरा घ्यावा, आणि दोरा घातल्याबरोबर गुंजन मिटत असेल तर बारीक.

हेच काम उरलेल्या तीन तारांवर करावे, पण तिथे एक गोष्ट वाढते. चारही तारांच्या जवाऱ्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एखादी तार एकटीच झणझणत राहिली, तर तंबोऱ्याचा गोल तुटतो आणि गाणाऱ्याचे लक्ष दर आवर्तनाला तिच्याकडे ओढले जाते. विशेषतः जोडीच्या दोन तारांचे गुंजन इतके सारखे असावे की डोळे मिटून ऐकणाऱ्याला पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे सांगता येऊ नये. सर्वांत चांगली लागलेली तार खाली आणण्याची वेळ आली, तरी ते करावे. माझ्या मते चार तारांचा मेळ हा एका तारेच्या सौंदर्यापेक्षा केव्हाही मोलाचा आहे.

दोरा तारेला उचलतो, त्यामुळे स्वर किंचित चढतो. म्हणून चारही दोरे लावून झाल्यावर मण्यांनी पुन्हा सूर मिळवावा, मग पुन्हा दोऱ्यांवरून एक फेरी करावी. दुसऱ्या फेरीत दोरे फार थोडे हलतात.

गंधार ऐकू येतो का

जवारी लागली की नाही याची जुनी कसोटी म्हणजे खर्जातून उठणारा स्वयंभू गंधार. काळी एकच्या पट्टीतला खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा धरला, तर त्याचा तिसरा उपस्वर सुमारे २०८ हर्ट्झवर, म्हणजे पंचमावर येतो आणि पाचवा सुमारे ३४६ हर्ट्झवर, म्हणजे गंधारावर. कोणीही न छेडलेला हा गंधार जवारी उत्तम असेल तर खोलीत कुठेही बसून ऐकू येतो. तो ओळखता येत नसेल, तर आधी गंधार हलक्या आवाजात गुणगुणावा, थांबावे आणि लगेच खर्ज छेडावा. कान त्याच स्वरावर टेकलेला असल्यामुळे तो सापडतो. हार्मोनियमवर गंधार वाजवून त्याच्याशी हा गंधार ताडू नये. समान अंतरांच्या सप्तकात लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि त्या तुलनेने चांगला लागलेला तंबोराही बेसूर वाटू लागतो.

छेडण्याची रीतही या परीक्षेचा भाग आहे. तार बोटाच्या मांसल कडेने, नखाचा स्पर्श होऊ न देता, दांडीच्या साधारण मध्याजवळ छेडावी. पंचमाची तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने. ओढून, झटका देऊन छेडलेली तार घोडीवर आपटते आणि तो आवाज जवारीचा दोष समजून लोक दोरा सरकवत बसतात.

मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमात उतरवली, किंवा मारवा-पूरियासाठी निषादात चढवली, की त्या तारेचा दोरा पुन्हा लावावा लागतो, कारण तिचा ताण बदललेला असतो. मध्यमात उतरवल्यावर तार ढिली होऊन माथ्यावर अधिक पसरते. मैफलीच्या मध्यात राग बदलणार असेल, तर दोन्ही ठिकाणची दोऱ्याची जागा घरीच पाहून ठेवावी.

नाशिकचे हवामान

मिरजेच्या हवेत तयार झालेला तंबोरा नाशिकला आल्यावर त्याला इथल्या ऋतूंची सवय व्हायला एक वर्ष तरी लागते. भोपळा पंढरपूरकडचा, दांडी आणि तबली तूणीच्या लाकडाची. हे दोन्ही पदार्थ हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. पावसाळ्यात तबली किंचित फुगते, तिच्याबरोबर घोडी वर उचलली जाते, तारांचा कोन बदलतो आणि जूनमध्ये लावलेली जवारी जुलैत बसते. सुती दोराही ओला होऊन चेपतो. या दिवसांत दोरे वरचेवर बदलावेत आणि तेवढ्यावरून घोडीला दोष देऊ नये. तंबोरा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, गवसणी दमट राहू देऊ नये, आणि तो सुकवण्यासाठी हीटर किंवा उन्हाचा आधार मुळीच घेऊ नये. एकदम सुकलेल्या तबलीला चीर जाते.

हिवाळ्यात अडचण वेगळी असते. नाशिकची थंडी कोरडी असते आणि पहाट व दुपार यांच्या तापमानात मोठे अंतर असते. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारख्या उघड्यावरच्या मैफलीत तंबोरा घरातल्या उबेतून थेट गार हवेत येतो. तारा आकसतात, स्वर चढतात, आणि ऊन वर आले की पुन्हा उतरू लागतात. अशा ठिकाणी तंबोरा किमान अर्धा तास आधी मांडावा, गवसणीतून काढून तसाच राहू द्यावा आणि नंतरच सूर व दोरे यांना हात लावावा. पोहोचल्याबरोबर लावलेला तंबोरा पहिल्या बंदिशीच्या आत बेसूर होतो.

कारागिराकडे केव्हा न्यावा

तारा वर्षानुवर्षे एकाच जागी घासून घोडीच्या माथ्यावर बारीक चरे पाडतात. तार त्या चऱ्यात बसली की तिला उतारावर मोकळेपणाने खाली-वर होता येत नाही, आणि मग कोणताही दोरा उपयोगी पडत नाही. हे तपासण्यासाठी एका तारेला थोडे ढिले करून बाजूला करावे, टॉर्चचा उजेड घोडीच्या माथ्यावर आडवा पाडावा आणि तारेच्या जागी काळी रेघ दिसते का ते पाहावे. रेघेवरून नख आडवे फिरवल्यावर ते अडखळले, तर जवारी नव्याने काढण्याची वेळ आली आहे. रोज रियाजाच्या तंबोऱ्याला ही वेळ लवकर येते.

हे काम स्वतः करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. कारागीर बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन माथ्याचा उतार पुन्हा घडवतो, तार चढवून ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. हा क्रम जवारी उघडेपर्यंत चालतो. त्यात काढली जाणारी जाडी डोळ्यांना दिसतही नाही, पण एक हात चुकीचा फिरला तर माथ्याच्या मध्यात खळगा पडतो आणि तो भरून काढण्यासाठी संपूर्ण माथा खाली आणावा लागतो. असे दोन-तीनदा झाले की घोडीच बदलावी लागते.

पूर्वी चांगल्या घोडीचा माथा हस्तिदंताचा किंवा सांबराच्या शिंगाचा असे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांमुळे ते साहित्य बाजारातून गेले, आणि ते गेले हे योग्यच झाले. आता उंटाचे हाड, काळे शिसवी लाकूड आणि कृत्रिम पदार्थ वापरले जातात. हाडाची जवारी उजळ असते. लाकडाची मऊ आणि गोल असते, पण चरे लवकर पडतात. कृत्रिम माथा पावसाळ्यात सर्वांत स्थिर राहतो. कारागिराला आपली पट्टी, तारांच्या जाडीचे क्रमांक आणि जवारी खुली (जास्त गुंजणारी) हवी की बंद (कमी गुंजणारी) हे आधीच सांगावे. ख्याल गाणाऱ्या बहुतेकांना मधली, किंचित बंदिस्त जवारी मानवते, कारण फार खुल्या जवारीत मंद्र सप्तकातले बारीक काम झाकले जाते.

मिरजेत हे काम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे; तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. नाशिकचे गाणे मिरजेशी जुने जोडलेले आहे : विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, त्यांनी पुढे नाशिकला रामनाम आधार आश्रम उभा केला, आणि त्यांचे निधन १९३१ साली मिरजेतच झाले. आज नाशिकहून अनेक जण कुरिअरने फक्त घोडी पाठवतात आणि ती घासून परत मागवतात. शक्य असेल तर हे टाळावे. घोडीवर तार कोणत्या कोनातून येते आणि कोणत्या कोनातून लंगोटाकडे उतरते हे प्रत्येक तंबोऱ्याचे वेगळे असते. म्हणून जवारी त्या तंबोऱ्यावर, त्याच तारा चढवून काढावी लागते. एखादा कारागीर नाशिकला येणार असेल, तर ओळखीच्या चार-पाच घरांनी आपले तंबोरे एकत्र आणून त्याच्याकडून समोर बसून काम करून घ्यावे. घासताना त्याचे हात आणि ऐकताना त्याचा चेहरा, दोन्हींकडे लक्ष ठेवले तर पुष्कळ शिकायला मिळते.

वाद्य न्यायचेच असेल, तर खुंट्या एक-दीड स्वराने उतरवाव्यात, पण तारा पूर्ण सैल करू नयेत; घोडीच्या पुढे-मागे मऊ कापड भरावे आणि दोरे काढून घ्यावेत. जवारी काढून परत आल्यावर नव्या माथ्यावर तारा बसायला आठवडाभर जातो. तेवढे दिवस तंबोरा रोज सुरात लावून थोडा वेळ छेडावा, दोरे मात्र तात्पुरतेच समजावेत, आणि स्वर एका रात्रीतून दुसऱ्या सकाळपर्यंत टिकू लागला की मग नवे दोरे घेऊन वर सांगितलेल्या क्रमाने, खर्जापासून सुरुवात करून, त्यांची कायमची जागा शोधावी.